आठवडा चुकलेली धिरडी

फादर गेनादींनी त्या वर्षी ग्लाफिराला स्पष्टच सांगितलं. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासात पापांची कबुली द्यायला जरूर ये, पण ते पाप पुन्हा घेऊन येऊ नकोस. नऊ वर्षं मी तेच ऐकतोय, नऊ वेळा देवाच्या नावानं तुला त्यातून सोडवलंय. आता दहाव्यांदा सांगायला लागलीस तर मी कानावर हात ठेवीन.

"तुमच्या दृष्टीनं सुटलं असेल," ग्लाफिरा म्हणाली. "मला कुणी विचारलं का?"

अख्ख्या काराकोल गावात फादरशी असं बोलायची छाती एकट्या ग्लाफिराची होती. वेदीवरची भाकर तीच भाजायची. लाकडी चर्चच्या मागच्या खोलीत पहाटे पीठ मळायचं, एकावर एक असे दोन छोटे गोल बसवायचे, वर क्रुसाचा शिक्का मारायचा. तिची भाकर कधी तडकली नाही की कलंडली नाही. पण सगळं गाव पवित्र भाकर आणि द्राक्षारस घ्यायला प्याल्यासमोर रांगेत उभं राहायचं तेव्हा ही खांबाआड थांबायची. स्वतःच्या हातची भाकर पवित्र झाल्यावर तिनं नऊ वर्षांत एकदाही तोंडात घेतली नव्हती. आपली लायकी नाही, असं तिचं म्हणणं. आणि लायकी असल्या-नसल्याचा निकाल देवानं नाही, आपण द्यायचा, हेही तिनंच ठरवून टाकलं होतं.

तिचं पाप तसं सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचा एकुलता एक मुलगा तिखोन ट्रक चालवायचा. त्यानं जिपारा नावाच्या परधर्मातल्या किरगीझ मुलीशी लग्न केलं आणि आईनं त्याला दार बंद केलं. दोन वर्षांनी, जानेवारीत, त्याचा ट्रक घाटात घसरला. ग्लाफिरानं प्रेत ताब्यात घेतलं आणि जिपाराला निरोप धाडला, की माती तीन वाजता आहे. प्रत्यक्षात तिनं बारालाच सगळं उरकलं. जिपारा तिच्या माणसांना घेऊन वेळेवर, अगदी तीनच्या ठोक्याला आली, तेव्हा कबर बुजवून झाली होती आणि तिच्यावर भुरभुर बर्फही पडलं होतं. ती रडली नाही. कबरीपाशी उभी राहून हळू आवाजात काहीतरी पुटपुटली आणि निघून गेली.

तेव्हापासून ग्लाफिरानं साखर सोडली. गादी सोडून ती फळीवर झोपायला लागली. उपासात बाकीचे रविवारी तेल खातात, ही तेलाचा थेंबही घेत नसे. एवढं सगळं केलं, पण दोन गल्ल्या पलीकडे जिपारा शाळेचे गणवेश शिवत बसायची, तिच्याकडे ही कधी फिरकली नाही. उपासाच्या आदल्या रविवारी चर्चमध्ये सगळे एकमेकांपुढे वाकून क्षमा मागतात. ग्लाफिराही मागायची, चाळीसच्या चाळीस माणसांपुढे वाकायची. त्यातल्या एकाचंही तिनं कधी वाकडं केलं नव्हतं, त्यामुळे जड जात नसे. जिपाराकडे का जात नाहीस, असं फादरनी एकदा विचारलं होतं.

"गेले तर ती क्षमा करेल," ग्लाफिरानं उत्तर दिलं होतं. "म्हणूनच जात नाही."

उपासाचा पहिला आठवडा संपला. रविवारी दुपारी ती आणि कपितोलिना बिनसाखरेचा चहा पीत बसल्या होत्या. कपितोलिना चर्चमध्ये गाते. उपासाचे नियम तिला तोंडपाठ, त्यातही दुसऱ्यांनी पाळायचे जरा जास्तच. टेबलावर उकडलेले बटाटे आणि आंबवलेला कोबी होता. दार वाजलं. ग्लाफिरानं उघडलं तर समोर जिपारा, हातात फडक्यानं झाकलेली थाळी.

"आई," ती म्हणाली, "आत येऊ?"

ग्लाफिरा दार धरूनच उभी राहिली. जिपारा आत आली. तिनं थाळी टेबलावर ठेवून फडकं काढलं. धिरड्यांची चळत होती, प्रत्येक धिरड्याला लोणी थापलेलं आणि वर बोटभर जाड साय. कपितोलिनानं चटकन आपला चहा बाजूला ओढला, जसं काही ते लोणी उडी मारून कपात पडणार होतं.

"हे मागच्या रविवारी करतात," ग्लाफिरा म्हणाली. "उपासाआधीचा लोण्याचा आठवडा तेव्हाच संपला. आता उपास आहे, लोणी-अंडी चालत नाहीत."

जिपाराचा चेहरा उतरला. तिखोन म्हणायचा, रस्त्यावरचं बर्फ वितळायला लागलं की तो रविवार येतो. धिरडी घेऊन आईकडे जायचं, वाकायचं आणि क्षमा मागायची. यंदा आपण दोघं जाऊ, असं तो दोन्ही वर्षं म्हणाला आणि दोन्ही वर्षं घाबरला. तिनं बापडीनं बर्फाकडे बघून अंदाज बांधला होता आणि यंदा बर्फ उशिरा वितळलं.

तरीही, आलेच आहे तर, म्हणून ती वाकली. हात जमिनीला टेकेपर्यंत वाकली.

"मला क्षमा करा."

"तू कशाची मागतेस?" ग्लाफिराचा आवाज चढला. "चूक माझी आहे."

जिपारा सरळ उभी राहिली. त्या दिवशी कबरीवर आपण शाप दिला होता, असं तिनं सांगितलं. या बाईची भाकर पुन्हा कधी फुगू नये, असा.

"फुगली की," कपितोलिना मध्येच म्हणाली. "दर रविवारी फुगते."

"माहीत आहे. पण मी दिला होता. आणि आई, तुम्हालाही मी क्षमा केलीय. ते सांगायला आले."

ग्लाफिराचा पारा चढला. "मी मागितलेली नाही."

"तुम्ही मागाल म्हणून नऊ वर्षं थांबले. आता नाही थांबवत मला. दमले मी."

"फुकटचं नको मला काही," ग्लाफिरा कडाडली. तिनं फळी दाखवली. साखरेचं सांगितलं, तेलाचं सांगितलं, रोजचे दंडवत घालून काळे पडलेले गुडघेसुद्धा दाखवले. "मग हे सगळं मी कशासाठी केलं?"

"मला काय माहीत? मी सांगितलं होतं का?" जिपारा म्हणाली. तिचाही आवाज आता मऊ राहिला नव्हता. "तुम्ही साखर सोडलीत, त्यातून मला काय मिळालं? मी तीन वाजता तिथं उभी होते, आई. मला तेव्हा कुणीतरी जवळ हवं होतं. तुम्ही फळीवर झोपलात, ते माझ्या काय कामाचं?"

नऊ वर्षांत पहिल्यांदाच ग्लाफिराला आपल्या फळीची लाज वाटली. आपण केलं ते सगळं आपल्यासाठीच केलं, या पोरीसाठी त्यातला कणही नव्हता, हे तिला लख्ख दिसलं, आणि ते त्या पापापेक्षाही जास्त झोंबलं.

जिपारानं फडकं पुन्हा थाळीवर टाकलं. उपास आहे तर घेऊन जाते, शेजारी देऊन टाकीन, असं म्हणत तिनं थाळी उचलली. ग्लाफिरा नुसती गप्प राहिली असती तरी भागलं असतं. नियम तिच्या बाजूनं होता. कुणीही तिला नावं ठेवली नसती.

"ठेव ती खाली," ग्लाफिरा म्हणाली.

मग ती वाकली. काळे पडलेले गुडघे कुरकुरले, तरी ती पार फरशीपर्यंत गेली.

"देव क्षमा करतो आणि मीही करते. आता माझं ऐक. तुला तीन सांगितलं आणि बाराला उरकलं. मुद्दाम केलं. तुला त्याचं तोंड बघू दिलं नाही. मला क्षमा कर."

अशा वेळी उलट काय म्हणायचं असतं ते जिपाराला माहीत नव्हतं. तिनं सासूला दंडाला धरून उठवलं.

"सांगितलं ना एकदा. आता खा, गार होतायत."

ग्लाफिरानं वरचं धिरडं उचललं. त्याची दुमडून घडी केली आणि अर्धी एका घासात तोंडात घातली. साय हनुवटीवर ओघळली.

"ग्लाफिरा," कपितोलिना घाईघाईनं म्हणाली, "अगं त्यात लोणी आहे."

"आहे ना. अंडीही असतील." ग्लाफिराचं तोंड भरलेलं होतं आणि डोळेही, पण मान ताठ होती. "जा, फादरना सांग, ग्लाफिरानं पहिल्याच आठवड्यात उपास मोडला म्हणून. आणि हेही सांग, की पुढच्या रविवारी मी हात छातीवर ठेवून प्याल्यासमोर येणार आहे. अडवायचं असेल तर खुशाल अडवा म्हणावं."

कपितोलिना शाल सावरत उठली. दारापर्यंत पोचली तेवढ्यात ग्लाफिरानं तिला पुन्हा हाक मारली.

"आणि येताना तुझ्याकडची साखर घेऊन ये. पोरगी चहा पिणारेय, आणि माझ्या घरात चिमूटभरही नाही."

कपितोलिना फणकाऱ्यानं गेली. फादरकडे मात्र गेली नाही. पाव तासानं ती साखरेचा डबा घेऊन परत आली, तेव्हा त्या दोघी तिखोनचे जुने शर्ट कुणी ठेवायचे यावरून भांडत होत्या, आणि थाळीत तिच्यासाठी एक धिरडं ठेवलेलं होतं.