बाई खरी आहे

"तुम्ही नाही काका, तुम्ही इकडे या. आणि तुम्ही दोघं, लग्न नवीन असलं तरी आत्ता वेगवेगळं बसा. होडी वजनावर चालते, प्रेमावर नाही."

नवं जोडपं लाजून समोरासमोरच्या बाकांवर जाऊन बसलं. धक्क्यावर उभा असलेला कप्तान आठ उतारू नुसत्या नजरेने तोलत होता. कप्तान म्हणायचं ते आपलं कौतुकाने. होडी एका शिडाची, बाकं दोन आणि खलाशी म्हणून त्याचा एक मेव्हणा. हा मेव्हणा दिवसाकाठी दहा शब्द बोलला तर त्या दिवशी त्याची प्रकृती बिघडली असं समजावं.

"ताई, तुम्ही हलक्या आहात. माझ्याजवळ सुकाणूपाशी बसा."

शिवणबाई मुकाट्याने बसली. तिने त्याला केव्हाच तोलून घेतलं होतं. कंबर अडतीस, डावा खांदा बोटभर खाली, शर्ट तयार घेतलेला आणि बाह्या दोन इंच लांब. माणूस दिसला की माप डोळ्यांत भरायचं, ही पस्तीस वर्षांची खोड. नवे कपडे ती कधी शिवत नसे. जुने आणून द्यायचे, ती सैलाचं घट्ट आणि घट्टाचं सैल करून द्यायची. गल्लीत कोण सुटलं आणि कोण खंगलं, हे घरच्यांच्या आधी तिला ठाऊक असे, पण तिने या कानाचं त्या कानाला कधी कळू दिलं नाही.

संध्याकाळच्या फेरीत बसायची तिची ही पहिलीच वेळ. आणि शेवटचीही, कारण रविवारी मुलगी तिला आपल्या गावी घेऊन जाणार होती. शिलाईयंत्र कालच खोक्यात बांधून पुढे गेलं होतं. घरात आता चार बोचकी आणि भिंतीवर कपाटाच्या आकाराचा पांढरा डाग, एवढंच उरलं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, एवढी आवराआवर पडलीय आणि तू होडीत कसली बसतेस? तुला तर पाण्याची भीती वाटते."

"वाटते. पण मला एक विचारायचंय त्यांना."

"काय?"

"ते मी विचारल्यावर सांगते."

विचारायचं होतं ते असं. शिवणबाईची खिडकी नदीच्या वळणावर, तिसऱ्या मजल्यावर. ही शिडाची होडी रोज सूर्य बुडायच्या सुमारास त्या खिडकीसमोर येई, थांबल्यासारखी होई, आणि आतली माणसं तिच्याकडे बघून हात हलवत. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, अकरा वर्षं. पहिल्यांदा तिला वाटलं, खालच्या मजल्यावर कोणी ओळखीचं असेल. मग वाटलं, सहलीला आलेली माणसं, झाडांनासुद्धा हात हलवत असतील. पण एकदा तिने नीट पाहिलं, तर एक बाई तिच्याकडे बघून चक्क डोळे पुसत होती. झाडाकडे बघून कोणी रडत नाही.

ती आपली हात हलवायची. कोणी मान दिला तर परत द्यावा, एवढंच तिला कळत होतं. आणि मागे पलंगावर पडलेल्या नवऱ्याला सांगायची, "आज सहा." अर्धांगाच्या झटक्यानंतर नवऱ्याचं डावं अंग गेलं होतं आणि वाचाही. उरला होता एक उजवा हात आणि एक 'हं'. सहाला बोटं कमी पडली की तो पाच दाखवून हसायचा. यंत्र तिने खिडकीपाशी हलवलं ते त्याच्यासाठी. तिथून उजेडही मिळे आणि पलंगही दिसे. दिवसभरात दोघांच्या घरात बाहेरून येणारी एकच गोष्ट होती, ती ही होडी. धक्क्यावर जाऊन विचारावं असं तिला शंभरदा वाटलं, पण संध्याकाळी दोन तास त्याला टाकून जाणार कसं?

चार महिन्यांपूर्वी तो गेला. आता वेळच वेळ होता.

शीड फुगलं. होडी एका कुशीवर कलली तशी शिवणबाईने बाकाची कड घट्ट धरली. पलीकडे बसलेल्या तीन मैत्रिणी एकदम किंचाळल्या आणि एकदम हसल्या. तिघीही रुग्णालयात परिचारिका, एकाच दिवशी सुट्टी मिळाली म्हणून आलेल्या. निवृत्त अधिकारी आपल्या बायकोला वाऱ्याची दिशा समजावत होते आणि ती बिचारी वीस वर्षांच्या सवयीने मान डोलवत होती. मागे गोदामांचे पत्रे तांबूस झाले होते. पाण्यावर ऊन असं पसरलं होतं की डोळे बारीक केल्याशिवाय समोर बघवत नव्हतं. नदी एवढी रुंद आहे, हे शिवणबाईला तीस वर्षं तिच्या काठावर राहून आज कळलं.

"कप्तान," नवी नवरी म्हणाली, "ती खिडकी कधी येणार? माझी बहीण मागच्या वर्षी येऊन गेली. म्हणाली, बाकी काही बघू नकोस, पण ती खिडकी बघ."

शिवणबाईने कान टवकारले.

"येईल, येईल." कप्तानाने सुकाणू काखेत धरलं आणि घसा साफ केला. "ती वळणावरची चार मजली इमारत दिसते ना? तिच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. उंच, सडपातळ, केस कमरेच्या खाली."

शिवणबाईची उंची पावणेपाच फूट. यंत्रापुढे बसायला तिला उंच स्टूल लागे. तिने नकळत डोक्यामागचा आपला लिंबाएवढा बुचडा चाचपला.

"तिचा नवरा होड्या बांधायचा. गायचा पण छान. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. एकदा नदीला पूर आला. पलीकडे माणसं अडकली होती. हा निघाला. ती म्हणाली, जाऊ नकोस. तो म्हणाला, दिवेलागणीपर्यंत येतो. दोन खेपा केल्या त्यानं. बारा माणसं आणली. तिसऱ्या खेपेला गेला, तो गेला."

"सापडला?" एका परिचारिकेने विचारलं.

"होडी सापडली."

अधिकाऱ्यांनीसुद्धा वारा सोडून दिला.

"त्या दिवसापासून ती दिवेलागणीला खिडकीत दिवा लावून बसते. होडी दिसली की हात हलवते. आपणही हलवायचा. तेवढंच तिला बरं वाटतं."

शिवणबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिचा नवरा वीजमंडळात मीटर वाचायचा. त्याला गाता येत नव्हतं, पोहता येत नव्हतं आणि पुरात जाण्याएवढा तो शूरही नव्हता. अकरा वर्षं तो तिच्यापासून चार पावलांवर जिवंत पडला होता. तिने त्याला भरवलं होतं, कुशीवर वळवलं होतं, त्याच्या पाठीला जखम होऊ नये म्हणून रात्री तीनदा उठली होती. आणि हा मनुष्य त्याला रोज संध्याकाळी पाण्यात बुडवत होता! ती तिकडे "आज सहा" म्हणत असताना हा इकडे त्याला पुरात सोडून मोकळा होत होता.

पण राग एवढ्याचाच नव्हता. त्या अकरा वर्षांत असेही दिवस येऊन गेले होते की तिला वाटलं होतं, सुटावा बिचारा एकदाचा. आपणही सुटावं. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, मुलीलाही नाही. ते या परक्या माणसाने भर नदीत बोलून दाखवल्यासारखं तिला झालं. वळण येऊ दे, तिने ठरवलं. सगळ्यांच्या देखत सांगते. ती बाई मी आहे, आणि माझा नवरा अंथरुणात गेला, माझा हात धरून.

वळण आलं. इमारतींच्या आडोशाने वारा पडला आणि शीड लुळं पडलं. इथे होडी दोन-तीन मिनिटं जागच्या जागी डुलत राही. मग मेव्हणा शीड दुसऱ्या अंगाला घेई. एवढ्या वेळात नवख्या माणसांचा जीव घाबरा होतो, म्हणून कप्तानाने कधीकाळी समोर दिसली ती खिडकी धरून गोष्ट रचली होती. सूर्य गेला होता. घराघरांतून दिवे लागत होते. नवरीने हात वर केला, परिचारिकांनी केला, आणि सगळे शोधू लागले.

"कुठे आहे?"

तिसरा मजला काळा होता. वर दिवा, खाली दिवा, आणि मध्ये ती खिडकी, दात पडल्यासारखी. बल्बसुद्धा कालच काढून बोचक्यात बांधला होता. शिवणबाई आपल्या घराकडे खालून बघत होती. इतकं लहान दिसतं ते? एवढ्यात अकरा वर्षं मावली?

"अरे," कप्तान मेव्हण्याला म्हणाला, "दिवा नाही."

मेव्हण्याने बघितलं. "आजारी असेल," तो म्हणाला.

"परवा होती. काल मला वाटलं, ऊन आहे म्हणून दिसत नाही." कप्तानाचा आवाज बदलला होता. मघाचा तो गोष्ट सांगणारा आवाज नव्हे, घरातला आवाज. "पडली-बिडली असेल का रे? एकटीच असते."

निवृत्त अधिकारी हसले. "अहो, कप्तान, पुरे आता. गोष्ट छान होती. असं कोणी बसत नसतं वर्षानुवर्षं."

"गोष्ट माझी आहे, साहेब," कप्तान म्हणाला. "बाई खरी आहे."

नवरीचा वर केलेला हात हळूच खाली आला.

"मी रचली ती. नवरा-बिवरा मला काय माहीत? पण बाई रोज असते. माझी बायको गेली, त्याच्या आठव्या दिवशी मी होडी काढली. उतारू कोण होते आठवत नाही. हिनं हात केला, तेवढं आठवतं. अकरा वर्षांत एकदा चुकवला नाही तिनं." त्याने बाहीने तोंड पुसलं. लांब बाही मनगटाच्या पुढे लोंबत होती. "उद्या सकाळी जाऊन बघतो. जिना कुठल्या बाजूनं आहे तेही मला ठाऊक नाही."

उद्या सकाळी हा वर येणार. बोचकी बघणार, पलंगाची रिकामी जागा बघणार, खालची शेजारीण सगळं साग्रसंगीत सांगणार. पावणेपाच फुटांची बाई, अर्धांगाचा नवरा, चार महिन्यांपूर्वीचं मरण. आणि रविवारनंतर रोज संध्याकाळी या वळणावर हा असाच वर बघत बसणार. शिवणबाईने तोंडाशी आणलेलं वाक्य गिळलं. राग कुठे गेला तिला कळलं नाही. आपण एकटीनेच काढली असं तिला वाटत होतं ती अकरा वर्षं. तर खाली हा होता, तिला दुसरीच कोणी समजून, पण रोज, न चुकता, तिची वाट बघत.

"जाऊ नका," ती म्हणाली. "मी त्याच गल्लीत राहते. बाई बरी आहे. गाव सोडून गेली."

"गेली? कोणाबरोबर?"

आठही माणसं तिच्याकडे वळली. मेव्हणासुद्धा दोर धरून वळला. शिवणबाईने आयुष्यात कधी खोटं बोलून कपडा तयार झाला म्हणून सांगितलं नव्हतं.

"नवऱ्याबरोबर," ती म्हणाली. "आला तो."

"आला?" कप्तान खुळ्यासारखा बघत राहिला. गोष्ट आपणच रचली, हे क्षणभर तो पार विसरला असावा. "तुम्ही पाहिलात?"

"पाहिला ना. मी दारातच होते."

"कसा होता?"

"वाळला होता. शर्ट चार बोटं सैल पडला होता खांद्यात." मापं आपोआप आली, मग पुढचंही आलं. "पण चालत आला. काठी नाही, कोणाचा हात नाही. तीन मजले चढला, मधे कुठे टेकला नाही. दोन्ही पायांनी. आणि दारात उभा राहून तिला हाक मारली. नावानं. स्पष्ट."

"मग ती काय म्हणाली?"

शिवणबाईने सांगायला तोंड उघडलं. एवढं सगळं सुचलं, हे मात्र सुचेना. काय म्हणाली असती ती? मरणाच्या दिवशी डॉक्टर होते, कागद होते, मुलीला कळवायचं होतं. नंतर पलंग विकायचा होता, घर आवरायचं होतं. रडायचं राहून गेलं होतं. ते आत्ता आलं, तेही असं की तिला थोपवताच येईना. ना पदर आठवला, ना रुमाल, दोन्ही तळव्यांत तोंड घालून ती हमसून हमसून रडू लागली, आणि लहानखुरं अंग बाकावर गदगदत राहिलं.

कप्तानाने सुकाणूखालचा धुतलेला पंचा काढून तिच्या मांडीवर ठेवला. उतारूंसाठी तो नेहमीच तयार असे.

"रडा, ताई," तो म्हणाला. "इथं सगळ्यांचंच होतं असं."

मग त्याने मेव्हण्याकडे बघून थांब म्हणून मान हलवली. शिडात वारा भरू लागला होता, तरी मेव्हण्याने दोर ओढला नाही.