मिस्त्रींचे तीन घोट

मित्रांनो, मी एक जुना पेला आहे. तांब्याचा, काठाला थोडा दबलेला. मला पाहून नाक मुरडू नका. एके काळी माझा थाट काही वेगळाच होता.

तांबटानं मला ठोकून ठोकून घडवलं. खोटं कशाला बोलू, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात खूप शिव्या घातल्या. पण आतून कल्हई लागली आणि मी असा चकाकलो की तिसऱ्याच दिवशी एका सुतारानं मला पसंत केलं. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. त्यांच्या कारखान्यात, भुशाच्या ढिगाशेजारी, माठाच्या झाकणावर माझी जागा ठरली.

मिस्त्रींची पाणी प्यायची रीत ठरलेली. रंधा बाजूला ठेवायचा, हात झटकायचे आणि खाली बसायचं. मला उजव्या हातात धरून 'बिस्मिल्लाह' म्हणायचं आणि तीन घोटांत पाणी संपवायचं. प्रत्येक घोटानंतर श्वास घ्यायचा आणि मोठ्यानं म्हणायचं, 'अल्हम्दुलिल्लाह', म्हणजे सारी स्तुती अल्लाहची. खिडक्या-दारं न्यायला आलेली गिऱ्हाइकं तोवर ताटकळत उभी असायची.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली खाला, म्हणजे मावशी, म्हणायची. ती डबा घेऊन आली की चिडवायची, "अहो, तुमचं होईस्तोवर म्हैस पाणी पिऊन, डुंबून घरी जाईल!"

"जाऊ दे की," मिस्त्री हसायचे. "घोट खाली उतरतो तो काय माझ्या बापाच्या जोरावर? उतरवणारा उतरवतो. त्याच्याशी दोन शब्द बोलायला मला कसली आलीय घाई?"

मग खालाही बसून प्यायची आणि तिचंही 'अल्हम्दुलिल्लाह' ऐकू यायचं. काय दिवस होते ते! आठवलं की अजूनही जीव कासावीस होतो.

पुढे प्लॅस्टिकच्या बाटल्या आल्या. कारागीर उभ्याउभ्याच गटागटा पिऊ लागले. मला कुणी विचारेना. कारखाना बंद झाला तेव्हा मिस्त्रींनी हत्यारं वाटून टाकली, पण मला मात्र पिशवीत घालून घरी आणलं.

एका सकाळी पाणी पिता पिता त्यांच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळ आला आणि मी हातातून निसटलो. लकव्याचा झटका होता. दवाखान्यातून ते घरी आले ते नाकात नळी घेऊनच. जीभ जड झाली होती, गिळणं बंद झालं होतं. डॉक्टरांनी बजावलं, "पाण्याचा थेंबसुद्धा तोंडानं द्यायचा नाही. श्वासनळीत गेला तर जिवावर बेतेल."

माझी रवानगी स्वयंपाकघरातल्या फळीवर झाली. तिथून मी जे पाहिलं त्यानं हळहळलो. खाला दार लोटून, भिंतीकडे तोंड करून, चोरासारखी पाणी प्यायची. भांड्याचा आवाज होऊ द्यायची नाही. आणि पिऊन झालं की ओठ घट्ट मिटून घ्यायची.

सेवेला माहेरी आलेल्या लेकीनं एकदा विचारलं तेव्हा खाला कुजबुजली, "ते तहानेनं तळमळतात आणि मी पाणी पिऊन अल्लाहचा शुक्र करू, त्याचे आभार मानू? जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल गं."

दार उघडं असलं की मला फळीवरून दिसायचं, मिस्त्री खाटेवर पडून डोळ्यांच्या खुणेनं नमाज पढायचे. एरवी छताकडे बघत गप्प. खालाच्या जिवाला घोर लागला. "पाणी गेलं ते गेलं," ती लेकीला म्हणाली, "यांचा शुक्रही गेला की काय? अल्लाहवर रुसले नसतील ना गं?"

असे चाळीस दिवस गेले. एका दुपारी मिस्त्रींनी चांगल्या हातानं खाट ठोकली. "माझा पेला आण. भरून."

खाला खाटेजवळ धावली. "अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"आण म्हणतोय ना!"

तिनं मला भरून आणलं, पण त्यांचा हात पोचणार नाही इतक्या लांब धरलं. मिस्त्रींनी हात पुढे केलाच नाही.

"बस," ते अडखळत म्हणाले. "तू पी."

"मी?"

"मला काय कळत नाही? रोज दार लोटतेस. चाळीस दिवस झाले, या घरात कुणी पाणी पिऊन त्याचं नाव घेतलेलं ऐकलं नाही. पाण्यावाचून राहिलो गं मी. त्या नावावाचून नाही राहवत."

"पण तुमच्या घशात थेंब नाही. मी कुठल्या तोंडानं म्हणू?"

"तुझ्या घशाखाली उतरतंय ना? मग त्याचे आभार नकोत?"

खाला खाली बसली. 'बिस्मिल्लाह' म्हणून तिनं पहिला घोट घेतला आणि तिला असा हुंदका फुटला की पुढचा शब्द निघेना. तेव्हा मिस्त्रीच वाकड्या तोंडानं म्हणाले, "अल्हम्दुलिल्लाह." दुसऱ्या घोटालाही तेच म्हणाले. तिसऱ्या घोटाला दोघं एकदम म्हणाली, आणि दारात उभी असलेली लेक पदरात तोंड लपवून रडली.

मिस्त्री आता नाहीत. मीही फळीवर पडून असतो, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पण मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. घरात कुणी दुखणाईत असलं तर आपल्या वाट्याचं सुख दाराआड लपवू नका. त्यांच्याजवळ बसा, आणि देणाऱ्याचे आभार मोठ्यानं माना. कोण जाणे, त्यांना तेवढ्याचीच तहान लागली असेल.