सरकारी तीट

पुंडलिकनगरातल्या अंगणवाडीच्या भिंतीवर 'प्रवेश मोफत' असं लिहिलं होतं. वच्छलाबाईंनी एकेक अक्षर लावून ते वाचलं आणि नात संस्कृतीला कडेवरून खाली उतरवलं. मोफत म्हणजे सोपं, असा त्यांचा समज होता.

घरची अडचण साधी होती. सून रूपालीला चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं होतं, सोमवारपासून हजर व्हायचं होतं. वच्छलाबाई स्वतः दोन घरी स्वयंपाकाला जात. तीन वर्षांच्या पोरीला दुपारपर्यंत बसायला जागा मिळाली नाही, तर दोघींपैकी एकीचं काम सुटणार होतं.

सेविका तनुजाताईंनी मंगळवारी जन्मदाखला पाहिला, आधार कार्ड पाहिलं, मग मोबाइल काढला.

"आता हिचा चेहरा घ्यायचा, मावशी. मोबाइलनं रोज चेहरा ओळखला की हजेरी लागली, खिचडी मिळाली."

"जरा थांबा," वच्छलाबाई म्हणाल्या. फोटो काढायचा, तोही सरकारी. किती जणांची नजर पडेल कोण जाणे. त्यांनी पिशवीतून काजळाची डबी काढली आणि पोरीच्या डाव्या गालावर चांगली चवलीच्या नाण्याएवढी तीट लावली. मोबाइलला पोरगी पसंत पडली.

बुधवारी पोरगी न्हाऊन-माखून, कोऱ्या गालानं आली. मोबाइलवर लाल फुली उमटली.

"चेहरा जुळत नाही म्हणतोय."

"कालच तर वळख झाली व्हती दोघांची."

"मी काय करू? त्याच्या हिशेबी ही आलीच नाही."

"आली नाय? मंग तुमच्या पदराला नाक कोण पुसायलं?"

तनुजाताईंनी पदर सोडवून घेतला. खिचडी मात्र मोबाइलला विचारूनच वाढायची होती. गुरुवारी फुली, शुक्रवारी फुली. पोरगी रोज पहिल्या रांगेत बसून गाणी म्हणायची आणि रोज गैरहजर राहायची.

शनिवारी पर्यवेक्षिका सरिता मॅडम आल्या. सलग गैरहजर लेकरांची नावं कमी करायची होती. संस्कृतीचं नाव यादीत पहिलं होतं.

"नाव कमी करू नका, बाई," वच्छलाबाई म्हणाल्या. "परवा सून कामावर जायचीय. पोरगी तुमच्या म्होरं उभी हाय."

"माझ्यापुढं असून उपयोग नाही. सिस्टिममध्ये पाहिजे."

"मंग सिस्टिममधली पोरगी तरी दाखवा मला."

मॅडमनी कंटाळून मंगळवारचा फोटो उघडला. वच्छलाबाईंनी मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरला.

"हिला तीट हाय."

"तिटेचा काय संबंध? आजच्या काळात तुम्ही असल्या अंधश्रद्धा पाळता?"

"म्या कुठं पाळायले? तुमचा मोबाइल पाळायलाय."

बोलता बोलता त्यांनी डबी उघडली आणि घाईत उजव्या गालावर तीट लावली. फुली. वच्छलाबाईंनी पदरानं गाल पुसला, फोटो पुन्हा नीट पाहिला आणि डाव्या गालावर बोट टेकवलं.

हिरवी खूण आली. तनुजाताईंनी लगेच खिचडी वाढली, मोबाइलचं मन बदलायच्या आत.

मॅडमनी नावं कमी करायच्या यादीतून संस्कृतीला वगळलं आणि रजिस्टरात लिहिलं, 'लाभार्थीच्या डाव्या गालावर काळी खूण असणे आवश्यक.' खाली सही केली, शिक्का मारला.

वच्छलाबाई निघाल्या, तशा मॅडम दारापर्यंत आल्या. तनुजाताईंकडं पाठ करून हळूच म्हणाल्या, "मावशी, माझी पण हजेरी चेहऱ्यावरच लागते. चार दिवस झाले, लागेना. पगार अडकेल."

वच्छलाबाईंनी त्यांना खालून वरपर्यंत पाहून घेतलं.

"कोणता गाल?"

"कोणताही चालेल."

"तसं नसतंय, बाई," वच्छलाबाई डबी उघडत म्हणाल्या. "फोटो दाखवा आधी."