निळ्या ताऱ्याचा जोडीदार

वेधशाळेच्या संचालकाला पाठीमागे सगळे ‘शोधसम्राट’ म्हणत. या माणसाने आयुष्यात शोधलं काय, तर स्वतःसाठी ऐसपैस खोली आणि दुसऱ्याच्या निबंधावर पहिलं नाव. यंत्रविभागातली ताई तर त्याचं नुसतं नाव निघालं तरी नाक मुरडायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

आता त्याने एका भयंकर तापलेल्या निळ्या ताऱ्याला जोडीदार मिळवून दिला होता. जोडीदार दिसत नव्हता, बरं का! पण तारा ठरावीक चालीने पुढे-मागे डुलत होता, म्हणजे त्याला कुणीतरी ओढत असणार. सगळी आकडेमोड ताईच्या धाकट्या बहिणीची. तिची डॉक्टरेट या एका जोडीदारावर उभी होती.

हा शोध जाहीर करायच्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटी कागद घेऊन ताईच्या टेबलाशी आली. “ताई, एकदा नजर टाक ना. मला धाकधूक होतेय.”

ताईने जोडीदाराच्या एका फेरीचा काळ पाहिला. तीनशे पासष्ट दिवस. तिला हसूच फुटलं. अगं बाई, ही तर आपली पृथ्वी! आपण सूर्याभोवती फिरतो, म्हणून तारे वर्षाला एकदा डुलल्यासारखे भासतात. ते डुलणं आकड्यांतून वजा करावं लागतं. तीन वर्षांपूर्वी आलेलं नवं यंत्र ते आपणहून वजा करून देत होतं. तसं पत्रकही ताईने संचालकाकडे पाठवलं होतं. त्याने उघडलं असेल तर शपथ. मग त्याच्या हुकमावरून धाकटीने ते पुन्हा वजा केलं आणि जोडीदार जन्माला आला. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आत्ता सांगावं, तर हा गुपचूप दुरुस्ती करून पुन्हा मिरवायला मोकळा. पडू दे मेल्याला चारचौघांत तोंडघशी. पहिलं नाव त्याचंच आहे ना?

“छान आहे,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं. शोधसम्राटाचं भाषण संपताच एक म्हातारे पाहुणे उठले. “फेरी नेमकी एका वर्षाची? पृथ्वीची चाल दोनदा तर वजा नाही ना केलीत?”

खसखस पिकली. ताई मजा बघायला खुर्चीत सावरून बसली.

शोधसम्राट जरासा चाचरला, मग पडद्याजवळ उभ्या असलेल्या धाकटीकडे त्याने बोट केलं. “गणित हिचं. मी विश्वासाने माझं नाव दिलं, ही माझी चूक. हिला आता इथे ठेवता येणार नाही.”

झालं, खापर फोडून मोकळा! वर लोक माना डोलावून त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करायला लागले.

ताई धावत धाकटीपाशी गेली. “हलकट आहे गं तो! मी पहिल्यापासून सांगत होते.”

“त्याचं सोड, त्याला कळलंच नव्हतं,” धाकटी म्हणाली. “तू काल हसलीस ना, ताई, तेव्हा मला वाटलं, तुला माझं कौतुक वाटतंय.”