मानतात, पूजत नाहीत

छापखान्यातल्या मुद्रितशोधक बाईंची लाल शाई बावीस वर्षांत कुणाला भ्यायली नव्हती. भल्याभल्या पंडितांचे ऱ्हस्व-दीर्घ तिने ताळ्यावर आणले होते. आणि प्रत्येक पुस्तकाच्या दुसऱ्या पानावर, 'मुद्रितशोधन' या शब्दापुढे, बाईंचे नाव लहान टाइपात पण ताठ मानेने उभे असे. याच छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात हयात घालवलेल्या वडिलांनी लेकीला एकच इस्टेट दिली होती : "सही केलीस, म्हणजे ते तू बोललीस."

आज 'धर्म-परिचया'च्या शेवटच्या प्रुफावर तेवढी सही राहिली होती, आणि चौऱ्याण्णवाव्या पानावर एक ओळ निर्धास्त पहुडली होती : मुसलमान येशूला मुळीच मानत नाहीत.

बाईंनी पेनाला टोपण लावले.

"काय हो बाई, घोडं कुठं अडलं?" संपादकांनी विचारले.

"या ओळीपाशी. ही खोटी आहे."

"तुम्ही शुद्धलेखन बघा हो. खरं-खोटं बघायला फादर बसलेत ना!" ख्रिस्ती धर्मावरचे प्रकरण लिहिणारे वृद्ध फादर समोरच आपली प्रुफे चाळत होते.

"साहेब, माझ्या वडिलांचं नाव इसा. इसा म्हणजे येशू. ज्याला मुळीच मानत नाही, त्याचं नाव आजोबांनी पोटच्या पोराला ठेवलं, ते काय राग काढायला?"

"मला काय ठाऊक? सगळे त्यांना खिळेमामाच म्हणायचे!"

"मग नेमकं काय मानता, तेही सांगा," फादर म्हणाले.

"पैगंबर मानतो. कुमारी मरियमच्या पोटी, बापाविना जन्मलेला. पण माणूस. अल्लाह एक, त्याला पुत्र नाही, भागीदार नाही. आणि इसा क्रुसावर मेले नाहीत, अल्लाहनं त्यांना वर उचलून घेतलं."

"आणि आम्ही म्हणतो, तो देवाचा पुत्र. देवच माणूस होऊन आला, क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला." फादर संपादकांकडे वळले. "या फरकावर मी बारा ओळी दिल्या होत्या. त्यांची एक कुणी केली?"

संपादकांनी चष्मा पुसायला घेतला. ज्ञानाचा अर्क काढण्याचा त्यांना छंद होता; अर्क उडून जाई, चोथा तेवढा छापला जाई.

"बरं, वाद नको. 'येशूविषयी दोन्ही धर्मांची श्रद्धा सारखीच आहे,' असं टाकू. कुणी दुखावणार नाही."

"नाही!" बाई आणि फादर एकदमच कडाडले.

"चौदाशे वर्षांचा वाद," फादर म्हणाले, "तुम्ही चहा निवायच्या आत मिटवलात?"

"आधी माझा पैगंबर काढून घेतलात," बाई म्हणाल्या, "आता यांचा प्रभू."

संपादक चिडले. "पानं लागलीत! बारा ओळी आता घुसायच्या नाहीत. दुरुस्ती याच ओळीत बसवा, नाहीतर सही दुसऱ्याकडून घेतो."

खिळेमामांच्या लेकीला ओळीची भीती घालणे म्हणजे माशाला पाण्याची. बाईंनी टोपण काढले, 'मुळीच' उडवले आणि समासात लिहिले : मुसलमान येशूला मानतात; पूजत नाहीत. मग पेनाच्या टोकाने मोजले. एक अक्षर आणि एक अर्धविराम जास्त. शब्दांमधल्या फटी किंचित आवळल्या की झाले.

फादरनी ओळ दोनदा वाचली. "मला मान्य नाही," ते म्हणाले, "पण बरोबर आहे. छापा."

एरवी बाई आद्याक्षरांवर भागवत. आज त्यांनी पूर्ण सही केली, आणि मधले, वडिलांचे नाव सुटे, ठसठशीत काढले. त्यात शोधायला चूक नव्हती.