पोत्याची गाठ

समजा, तुमच्या मांडीवर सात चिठ्ठ्या आहेत, हातात दाभण आहे आणि समोर तांदळाची सात छोटी पोती. सुपांग तशीच बसली होती. प्रत्येक चिठ्ठीवर छापलं होतं, 'बारिओ तांदूळ'. कायद्याने हे नाव डोंगराच्या अलीकडच्या, मलेशियातल्या शेतांचं. पलीकडे इंडोनेशियात बी तेच, दाणा तोच. पण तिथे त्याला 'अदान' म्हणायचं. एका पोत्यात जरी पलीकडचा तांदूळ सापडला, तरी साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या बंद.

म्हणून तिच्या रिनाईआजीची नजर पदानवर होती. पदान आजीचा पलीकडचा चुलतभाऊ. घरात नवा नातू आला होता, त्यामुळे रीतीप्रमाणे आजी आज नवं नाव घेणार होती. त्या जेवणासाठी पदान म्हशीवर दोन पोती लादून आला होता.

"त्याची पोती आपल्यात मिसळू देऊ नकोस," आजी सुपांगच्या कानात म्हणाली. "गोड बोलून काम साधणारा आहे तो."

पदानने पानात बांधलेला मऊ भात सोडला. आपल्या पोत्यांवरची वेताची गाठ त्याने सुपांगला दाखवली. तीन वेढे, टोक आत खोचलेलं; अशी गाठ फक्त त्याची बायको घालते म्हणे. यंदा कोठारात दोन पोती कमी कशी भरली, तेच कळत नाही, असंही तो म्हणाला. बोलताना त्याची नजर खोलीभर फिरत होती.

"ताई, तू आज तिसऱ्यांदा नाव बदलणार. तुला कुणी कागद मागतं का?" तो आजीला म्हणाला.

"मला कुणी पोत्यात भरून विकत नाही."

"विकायला काढलं तरी घेणार कोण?"

आजी हसली, पण पोत्यांसमोरून हलली नाही.

पदान म्हशीला पाणी दाखवायला बाहेर गेला. सुपांगने पहिलं पोतं पुढे ओढलं. आजीची साधी गाठ. सातांतल्या पाच पोत्यांना तीच. भिंतीलगतच्या दोन पोत्यांना मात्र तीन वेढे होते, टोक आत खोचलेलं.

तिने वर पाहिलं. आजी दाराकडे बघत होती.

"यंदा म्हशी आजारी पडल्या. शेत तुडवायला कुणी नव्हतं," आजी हलक्या आवाजात म्हणाली. "सात पोत्यांचा शब्द दिला होता. त्याच्या बायकोकडून घेतली. त्याला ठाऊक नाही. शीव लवकर."

सुपांगने दाभण खाली ठेवलं. ती दोन पोती तिने एकेक करून ओढत नेली आणि पदानच्या पोत्यांशेजारी ठेवली. मग परत येऊन पहिल्या पोत्यापाशी बसली आणि दाभणात दोरा ओवू लागली.