चिठ्ठी कुठे टाकायची

शुक्रवारचा शेवटचा तास ‘जगाचा’. हे पोरांनी ठेवलेलं नाव. वेळापत्रकात ‘ख्रिस्ती दृष्टीतून जागतिक प्रश्न’ असं लिहिलं होतं, ते वाचेपर्यंत घंटा व्हायची. पाचवीचा वर्ग. बाई भिंतीवर नकाशा लावायच्या, दुष्काळ कुठे, पूर कुठे, लढाई कुठे ते दाखवायच्या, आणि येशूच्या लेखी शेजारी म्हणजे फक्त भिंतीपलीकडचा नव्हे, हे दर वेळी बजावायच्या. मग प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. चिठ्ठीत एक संकट. ते टळेपर्यंत रोज त्यासाठी प्रार्थना करायची, टळलं की चिठ्ठी आणून ‘आभार’ लिहिलेल्या डब्यात टाकायची. नियम बाईंनीच केलेला. न टळलं तर काय, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाईंचा मुलगा डॉक्टर. लढाई चाललेल्या देशात जखमींवर उपचार करायला गेला, तेव्हा पोरांनी हट्ट करून त्याच्याही नावाची चिठ्ठी करायला लावली. दोन महिन्यांपूर्वी तिथल्या दवाखान्यावर बॉम्ब पडला आणि तो गेला.

तेव्हापासून बाईंना काही म्हणजे काही वाटेनासं झालं. रडू नाही, राग नाही. भांडी घासायच्या, वह्या तपासायच्या, भूकंपात किती माणसं गेली ते बाजारभाव सांगावा तसं सांगायच्या. प्रार्थनेची वेळ आली की हात जोडून गप्प. पोरं आपापली म्हणायची. हे मोठ्या सिस्टरांच्या नजरेतून सुटतंय होय! शाळा त्यांच्या ताब्यात, आणि कान तिखट.

‘‘बाई, थोडे दिवस घरी बसा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘प्रार्थना न करणाऱ्याने हा तास घ्यायचा कसा? या शुक्रवारी मी मागे बसते. बघू.’’

घरी बसा म्हणे! घरी होतं कोण? नवरा आधीच गेलेला, आता मुलगाही. हा वर्ग सुटला तर सकाळी उठायलाच कारण उरलं नसतं. बाईंना ते कळत होतं, पण त्याचंही काही वाटत नव्हतं.

शुक्रवारी सिस्टर शेवटच्या बाकावर बसल्या, गुडघे मावत नव्हते तरी. पाणीटंचाईचा धडा नीट पार पडला. मग आभारांची वेळ झाली. पहिल्या बाकावरची एक ठेंगणी मुलगी, जिला सगळे चिमणी म्हणत, ती चिठ्ठी घेऊन उठली आणि डब्यापाशी घुटमळली.

‘‘बाई, ही तुमच्या मुलाची. कुठे टाकू?’’

‘‘आभारात टाक की!’’ मागून ढब्बू ओरडला. ‘‘ते प्रभूकडे गेले ना? माझी आई म्हणते, आता ते सुखरूप आहेत.’’

‘‘काहीतरीच! आपण ते थोडंच मागितलं होतं?’’ चिमणी उसळली. ‘‘मी तर अजून मागतेय.’’

‘‘बाळा, पुरे आता,’’ म्हणत सिस्टर उठू लागल्या.

‘‘अजून मागतेस?’’ बाईंनी विचारलं.

‘‘रोज. चिठ्ठी माझ्याकडेच आहे ना. आणि थांब असं कुणी म्हणालंच नाही.’’

‘‘काय मागतेस?’’

चिमणीने सिस्टरांकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि डोळे मिटून भराभर म्हणून टाकलं, ‘‘प्रभू, बाईंच्या मुलाला सांभाळ. त्याला झोप मिळू दे, वेळेवर जेवायला मिळू दे. आणि त्याला लवकर घरी आण.’’

कुणी आमेन म्हणेना. म्हणणार तरी कसं? तो घरी येणार नव्हता, एवढं पाचवीतल्या पोरांनाही कळत होतं. सगळे बाईंच्या तोंडाकडे बघत राहिले. बाईंनी टेबल धरलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा दुखलं, आणि असं दुखलं की त्या मटकन खुर्चीत बसल्या.

‘‘आमेन,’’ बाई म्हणाल्या, घसा फाटेल एवढ्या मोठ्यांदा.